मधल्या आरपीएमला इंजिन मेलेलं का वाटतं: व्हेरिएबल कॅम टायमिंग, फेजर आणि ऑइल

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याला घेतलेली सेकंडहँड २.० लिटर टर्बो पेट्रोल गाडी. केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलं की २००० ते ३५०० आरपीएममध्ये ती ओढतच नाही, ४५०० च्या पुढे मात्र पूर्वीसारखी पळते. आयडलिंग गुळगुळीत. चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि स्कॅनर पी००१२ हा कोड दाखवतो. मागच्या सर्व्हिसला गॅरेजने ‘गोव्यातल्या उकाड्याला जाडच ऑइल बरं’ म्हणून २०डब्ल्यू-५० घातलं आणि आता तेच गॅरेज फेजर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम पुढे-मागे सरकवणारा भाग, धरून पूर्ण टायमिंग किट बदलायला सांगतंय. शिवाय हे व्हेरिएबल कॅम टायमिंग चालतं कसं, भावाच्या होंडातलं व्हीटेक म्हणजे हेच का, आणि रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून, यातून आणखी काही मिळतं का, हेही तुम्ही विचारलंय.

किट इतक्यात मागवू नका. आधी कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर घाला, मग फेजरला ऑइल सोडणारा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह काढून बघा. कॅम टायमिंग बदलणारी ही यंत्रणा वरून इलेक्ट्रॉनिक वाटली तरी कॅम प्रत्यक्षात पुढे-मागे सरकवतं ते इंजिन ऑइलच. म्हणून तपासणीही ऑइलच्या वाटेने करायची: आधी ऑइल, मग व्हॉल्व्ह, मग फेजर, आणि सगळ्यात शेवटी कॅम फिरवणारी चेन. तुमच्या गॅरेजने शेवटापासून सुरुवात केलीय.

आता चालतं कसं ते. चार स्ट्रोकमध्ये क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे, दोन फेरे होतात आणि कॅमचा एक. इनलेट व्हॉल्व्ह कधी उघडतो यापेक्षा तो कधी बंद होतो हे ताकदीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. पिस्टन खाली पोचला, म्हणजे बीडीसीला आला, की व्हॉल्व्ह लगेच बंद व्हावा असं कुणालाही वाटेल. पण वेगात आत घुसणारी हवा तिथे थांबत नाही. रायबंदरच्या फेरीबोटीवर गर्दीच्या वेळी खलाशाने हात वर केला तरी मागचे दोन-तीन स्कूटरवाले जोरातच आत येतात, तसं. पिस्टन परत वर निघालेला असतानाही हवा आपल्या गतीने सिलिंडरात शिरत राहते, म्हणून जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह उशिरा मिटला तर सिलिंडर जास्त भरतो. कमी आरपीएमला हवेला हा जोर नसतो. मग उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून वर येणारा पिस्टन आत आलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलून देतो.

वेळेचा हिशेब केला तर फरक डोळ्यांत भरतो. ७००० आरपीएमला क्रँकचे ६० अंश १.४३ मिलिसेकंदात संपतात. ९०० आरपीएमच्या आयडलिंगला तेच ६० अंश फिरायला ११.१ मिलिसेकंद लागतात. अंश तेच, पण हवेला मिळणारा वेळ जवळपास आठपट. एकच ठरावीक कॅम टायमिंग दोन्हीकडे चांगलं चालणं शक्यच नाही. जुन्या इंजिनांत कुठेतरी मधे तडजोड करत. रेसच्या कॅमचं इंजिन आयडलिंगला धडधडायचं आणि शहरात रडायचं ते यामुळेच.

आकडे घेऊन बघू. समजा इनलेट कॅमची ड्युरेशन २४० अंश आहे, म्हणजे क्रँकच्या तेवढ्या अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो. पार्किंगच्या, म्हणजे कॅमच्या मूळ जागी असताना तो टीडीसीला, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना, बरोबर शून्यावर उघडतो आणि बीडीसीनंतर ६० अंशांनी मिटतो. आता कॅम ४० अंश पुढे, ॲडव्हान्स केला. व्हॉल्व्ह टीडीसीच्या ४० अंश आधी उघडेल आणि बीडीसीनंतर २० अंशांतच मिटेल. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टीडीसीनंतर ५ अंशांनी मिटत असेल, तर दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, ५ अंशांवरून ४५ वर गेला. ड्युरेशन आणि लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते अंतर, मात्र होती तेवढीच. फेजर फक्त कॅम सरकवतो, कॅमचा आकार बदलत नाही. हे डोक्यात ठेवा, पुढे व्हीटेकपाशी लागेल. आणखी एक: क्रँकचे ४० अंश म्हणजे कॅमचे २०. कुठला स्कॅनर क्रँकचे अंश दाखवतो, कुठला कॅमचे. दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवून भांडणाऱ्यांची निम्मी भांडणं इथेच मिटतील.

तुमच्या गाडीचं दुखणं या हिशेबातच सापडतं. पी००१२ म्हणजे बँक १ चा, म्हणजे सिलिंडरांच्या पहिल्या रांगेचा, इनलेट कॅम हवा त्यापेक्षा मागे, रिटार्ड राहिलाय. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणतो तीस अंश पुढे ये, कॅम पार्किंगच्या आसपासच बसून राहतो. आयडलिंगला त्याला पार्किंगलाच असायचं असतं, म्हणून आयडलिंग छान. जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह उशिराच मिटायला हवा, म्हणून तिथेही तक्रार फारशी नाही. मधे, घाटात तिसऱ्या गिअरला थ्रॉटल दाबला की कॅम पुढे यायला हवा असतो. तो येत नाही, भरलेली हवा परत जाते, टर्बोही उशिरा जागा होतो, आणि गाडी मेल्यासारखी वाटते. चेन एखादा दात सुटलेली असती तर आयडलिंग इतकं सरळ राहिलं नसतं, आणि बहुधा पी००१६ हा क्रँक-कॅम ताळमेळाचा कोडही सोबत आला असता. पी००११ याच्या उलटा: कॅम पुढेच अडकलेला. त्यात आयडलिंग बिघडतं, सिग्नलला गाडी बंद पडते, कारण ओव्हरलॅप जास्त राहून जळलेला वायू इनलेटमध्ये ओढला जातो. पी००१० म्हणजे ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह विजेवर हलवणाऱ्या सॉलनॉइडच्या सर्किटचा दोष: वायर, कनेक्टर किंवा कॉइल. एक्झॉस्टच्या बाजूला सर्किटचा पी००१३, पुढे अडकल्याचा पी००१४ आणि मागे राहिल्याचा पी००१५. काही कंपन्या पी०००ए हा ‘हळू प्रतिसादा’चा कोडही देतात. जाड ऑइलवर तो येण्याची शक्यता असते.

आता फेजर. चेनच्या स्प्रॉकेटला जोडलेलं बाहेरचं कवच म्हणजे स्टेटर. त्याच्या आत कॅमला बोल्टने घट्ट बसवलेला रोटर. रोटरला तीन ते पाच पाती असतात आणि प्रत्येक पातं कवचातल्या एका कप्प्यात असतं. पात्याच्या एका बाजूला ऑइल आलं की रोटर पुढे, दुसऱ्या बाजूला आलं की मागे. कुठल्या बाजूला ऑइल द्यायचं हे ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हमधला सरकणारा दट्ट्या, म्हणजे स्पूल, ठरवतो, आणि स्पूलला सॉलनॉइड ढकलतं. ईसीयू सॉलनॉइडला सलग करंट न देता पल्समध्ये देतो. साधारण निम्म्या ड्युटीला, म्हणजे निम्मा वेळ करंट चालू असताना, स्पूल मधे उभा राहतो, दोन्ही वाटा जवळपास बंद होतात आणि कॅम आहे तिथे धरून ठेवला जातो. कॅम सेन्सर आणि क्रँक सेन्सर यांच्या सिग्नलमधला फरक मोजून ईसीयू हे सतत सुधारत राहतो.

शिवाय एक लॉक पिन असते. इंजिन बंद होताना फेजर पार्किंगला येतो आणि पिन खळग्यात बसते. सुरू करताना पहिल्या क्षणी ऑइलला प्रेशर नसतं, तेव्हा पातं कवचावर आपटू नये म्हणून. प्रेशर आलं की ऑइलच पिन उचलतं. पिनचा खळगा झिजला की सकाळी स्टार्टला दोन-तीन सेकंद करकर आवाज येतो. एक्झॉस्टच्या फेजरला बहुतेक वेळा स्प्रिंगही असते. घर्षणाने कॅम नेहमी मागे ओढला जातो आणि एक्झॉस्टची पार्किंगची जागा पुढे, ॲडव्हान्सला असते, म्हणून त्याला पुढे आणायला स्प्रिंगची मदत लागते.

एक गोष्ट गॅरेजात सहसा बोलली जात नाही. कॅम काही एकसारखा फिरत नाही. कॅमवरचा उंचवटा, म्हणजे लोब, व्हॉल्व्ह उघडताना व्हॉल्व्ह स्प्रिंग कॅमला मागे रेटते, लोबचं टोक ओलांडलं की तीच स्प्रिंग त्याला पुढे ढकलते. हे धक्के फेजरमधलं ऑइल मागे ढकलू पाहतात, म्हणून सप्लायच्या वाटेत चेक व्हॉल्व्ह असतो. काही इंजिनांत पंपाच्या प्रेशरवर विसंबण्याऐवजी हे धक्केच वापरून ऑइल एका कप्प्यातून दुसऱ्यात नेतात. मस्टँगचं ५.० लिटर व्ही८ हे त्याचं उदाहरण, आणि भारतात ते २०१६ पासून विकलं गेलं. दुसऱ्या टोकाला बीएमडब्ल्यूच्या एम३ मधलं एस५४ इंजिन. त्यात स्वतंत्र पंप ऑइल १०० बारच्या वर नेतो, कारण जास्त आरपीएमला कॅम झटकन हलायला हवा होता. लेक्ससने २००६ च्या एलएस ४६० मध्ये इनलेटला चक्क इलेक्ट्रिक मोटर लावली, म्हणजे थंड इंजिनातही कॅम हलतो. पण रोजच्या गाड्यांपैकी बहुतेकांत फेजर साध्या इंजिन ऑइलच्या काही बार प्रेशरवरच चालतो.

व्हीटेक वेगळं. १९८९ मध्ये इंटेग्राच्या बी१६ए इंजिनात आलेल्या व्हीटेकमध्ये कमी आणि जास्त आरपीएमसाठी वेगवेगळ्या आकाराचे लोब आहेत. ठरावीक आरपीएमला ऑइलच्या प्रेशरने पिन सरकते, लोब आणि व्हॉल्व्हमधले रॉकर एकमेकांना जोडले जातात आणि मोठा लोब कामाला लागतो. म्हणजे लिफ्ट आणि ड्युरेशन दोन्ही बदलतात, तेही एकदम. नुसतं टायमिंग सरकवण्याची कल्पना त्याआधीची: आल्फा रोमिओने १९८० मध्ये स्पायडरला दोन जागांचा फेजर लावला होता. पुढे होंडाने दोन्ही एकत्र करून आय-व्हीटेक आणलं. सिव्हिक टाइप आरच्या के२०ए मध्ये इनलेट कॅम क्रँकच्या ५० अंशांपर्यंत सरकतो, आणि त्यावर लोब बदलण्याची सोय वेगळी. भावाच्या सिटीवर आय-व्हीटेक लिहिलंय म्हणून आत टाइप आरचं तंत्र आहे असं समजू नका. होंडाने हे नाव बऱ्याच वेगवेगळ्या मांडण्यांवर चिकटवलंय. मागच्या काचेवरच्या ‘व्हीव्हीटी’च्या स्टिकरचंही तसंच: इनलेटला एक फेजर असला तरी व्हीव्हीटी, दोन्हीकडे असले तरी व्हीव्हीटी.

जोरकस इंजिनात ईसीयू कॅम नेमका कुठे ठेवतो याबद्दल पुष्कळ जणांचा गैरसमज असतो. आरपीएम वाढला की कॅम पुढे जातो असं सगळे धरून चालतात. खरा नकाशा असा असतो: आयडलिंगला पार्किंग, ओव्हरलॅप जवळजवळ नाही. हलक्या थ्रॉटलला, म्हणजे पणजी ते म्हापसा निवांत जाताना, ओव्हरलॅप वाढवतात. जळलेल्या वायूचा थोडा भाग सिलिंडरात राहतो, जळण्याचं तापमान उतरतं, नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात आणि पंपिंगमध्ये जाणारी ताकद वाचते. मधल्या आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर इनलेट सगळ्यात पुढे. आणि अगदी वर, रेडलाइनकडे जाताना, इनलेट पुन्हा मागे येतो, कारण तिथे उशिरा मिटणंच फायद्याचं. आलेख डोंगरासारखा दिसतो.

टर्बोमध्ये आणखी एक गंमत आहे. कमी आरपीएमला पूर्ण थ्रॉटल दिला की इनलेटचं प्रेशर एक्झॉस्टपेक्षा जास्त असू शकतं. अशा वेळी ओव्हरलॅप भरपूर ठेवला तर ताजी हवा सिलिंडरातून सरळ एक्झॉस्टमध्ये वाहते, जळका वायू धुऊन काढते आणि टर्बाइनला जास्त प्रवाह मिळतो. आधुनिक २.० टर्बो दीड हजार आरपीएमपासून जोर करतात त्यात याचा मोठा वाटा आहे. तुमच्या गाडीत नेमकं हेच बंद पडलंय. नैसर्गिक श्वास घेणाऱ्या इंजिनापेक्षा टर्बो इंजिनात अडकलेला फेजर जास्त जाणवतो तो यामुळे.

तपासणी. आधी डिपस्टिक. ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर क्रँक ते घुसळून फेस करतो. दोन्हीत ऑइलमध्ये हवा शिरते, हवा दाबली जाते, आणि फेजर धरलेल्या जागी थरथरतो. मग स्कॅनरवर फ्रीझ फ्रेम बघा: कोड आला तेव्हा कूलंटचं तापमान काय होतं, आरपीएम किती. थंड इंजिनावर आला असेल तर संशय जाड ऑइलवर. पूर्ण तापलेल्या इंजिनावर, आयडलिंगहून थ्रॉटल देताना आला असेल तर कमी प्रेशर किंवा आत झिरपणारा फेजर. तुमच्याकडे दोन्ही वेळा येत असेल तर मी आधी ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हची जाळी बघेन.

त्यानंतर लाइव्ह डेटामध्ये मागितलेला आणि प्रत्यक्षातला कॅम अँगल शेजारी लावा. तापलेल्या इंजिनावर स्थिर असताना दोघांत दोन-तीन अंशांहून जास्त फरक नको. रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २००० ला पूर्ण थ्रॉटल द्या आणि रेकॉर्ड करा. मागणी ० वरून ३० वर गेली तर प्रत्यक्षातला आकडा तिच्या मागोमाग झटकन चढायला हवा. हळूहळू चढला तर ऑइलच्या वाटेत अडथळा किंवा चुकीचं ऑइल, अजिबात हलला नाही तर स्पूल जॅम किंवा लॉक पिन अडकलेली, चढून परत घसरला तर फेजर आत झिरपतोय. ड्युटीही बघा. ईसीयू ड्युटी टोकाला नेतोय आणि कॅम हलत नाही, म्हणजे हुकूम जातोय पण काम होत नाही.

आता ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह. कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. अनेक जपानी इंजिनांत तो २० अंश सेल्सिअसला ७ ते ८ ओहमच्या आसपास असतो. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. इंजिन आयडलिंगला ठेवून व्हॉल्व्हला थेट १२ व्होल्ट द्या, दोन-तीन सेकंदच, जास्त दिले तर कॉइल जळेल. व्हॉल्व्ह आणि फेजर ठीक असतील तर आयडलिंग लगेच खडबडीत होईल किंवा इंजिन बंदच पडेल. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह काढून बाहेर १२ व्होल्ट द्या. स्पूल टक्कन हलला पाहिजे आणि सोडल्यावर तितक्याच झटक्यात परत आला पाहिजे. आळसावल्यासारखा हलला तरी तो नापास.

व्हॉल्व्ह काढलाच आहे तर त्याच्या ऑइल येण्याच्या तोंडाची बारीक जाळी भिंगाखाली धरा. काही इंजिनांत ही जाळी व्हॉल्व्हवरच असते, काहींत हेडमधल्या वेगळ्या बोल्टमागे. तिथे सापडणारी गोष्ट बऱ्याचदा एकच: राखाडी किंवा काळ्या गॅस्केट मेकरचे तुकडे. कुणीतरी टॅपेट कव्हर किंवा ऑइल चेंबर बसवताना गॅस्केट मेकर जाड ओळीत लावलेला असतो, आतल्या बाजूला दाबून बाहेर आलेली ती रबरासारखी पट्टी तुटून ऑइलबरोबर फिरते आणि जाळीत अडकते. काळा चिकट गाळ दिसला तर ऑइल बदलायला उशीर झाल्याचा पुरावा. ॲल्युमिनियमचे चमकणारे कण दिसले तर तिथेच थांबा, फिल्टर कापून बघा, प्रश्न फेजरच्या पलीकडे गेलाय. जाळी स्वच्छ करून, नवी ओ-रिंग ऑइल लावून बसवा. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरे, जास्त आवळला तर हेडमधले आटे जातील.

तुमच्या प्रकारच्या काही जर्मन २.० टर्बोंमध्ये हा व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून फेजरच्या मधल्या बोल्टमध्येच असतो आणि सॉलनॉइड तेवढं बाहेर कव्हरवर असतं. त्यातल्या काहींच्या बोल्टला उलटे आटे असतात आणि खास टूल लागतं. नेहमीसारखा उलटा पाना फिरवून सोडायला गेलात तर तो आणखी आवळला जाईल आणि तुटेल. अशा मांडणीत सॉलनॉइडच्या कनेक्टरमध्ये ऑइल आहे का तेही बघा. सील गेलं की ऑइल वायरीच्या आतून चढत जातं. पावसाळ्यात हे दिसलं की सगळे पाण्यावर ढकलतात. पाणी असेल तर पिना हिरव्या पडतात, ऑइल असेल तर त्या स्वच्छ पण बुळबुळीत असतात. किनाऱ्यालगत राहणाऱ्या गाड्यांत दोन्ही एकदम सापडलं तरी नवल नको.

मग मेकॅनिकल गेज लावून ऑइल प्रेशर. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका, तो प्रेशर धोक्याच्या खाली गेल्यावरच लागतो. उदाहरणादाखल, होंडाच्या के मालिकेसाठी तापलेल्या इंजिनावर आयडलिंगला किमान ०.७ बार आणि ३००० आरपीएमला किमान ३ बार लागतं. आणि इथेच तुमचं २०डब्ल्यू-५० फसवतं. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, ५० ग्रेडची १६.३ पासून पुढे २१.९ पर्यंत. जाड ऑइलने गेजचा काटा वर चढतो आणि फिटर खूश होतो. पण स्पूलच्या बारीक फटींतून आणि कॅममधल्या अरुंद भोकांतून जाणारा प्रवाह कमी होतो, आणि फेजर हलतो तो प्रवाहाने. ‘गोव्यात थंडी कुठे असते’ हा युक्तिवाद फार तर पुढच्या ‘२०डब्ल्यू’ला लागू पडेल. मागचा ‘५०’ हा आकडा इंजिन तापल्यावरचा आहे, आणि आतल्या फटी काही हवामान बघून मोठ्या होत नाहीत. उत्पादकाने ५डब्ल्यू-३० म्हटलंय तर ५डब्ल्यू-३०च.

आपल्याकडे खरा त्रास उकाड्यापेक्षा दमटपणाचा आणि छोट्या फेऱ्यांचा. पर्वरी ते पणजी, फोंडा ते कुंडई असं दहा-बारा मिनिटं गाडी चालली की कूलंट तापतं, ऑइल पुरतं तापत नाही. आतलं पाणी आणि डायरेक्ट इंजेक्शनमधून ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही. ऑइल फिलरच्या झाकणाखाली पांढरट लोण्यासारखा थर दिसतो तो यातलाच. वर्षातून दोनदा सुट्टीला येणाऱ्या मालकाच्या, एरवी पावसाळाभर बंद असणाऱ्या गाड्यांची अवस्था याहून वाईट, तिथे लॉक पिनलाच गंज धरतो. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग, ऑइल ९० अंशांच्या वर जाईल अशी चालवा. आणि टर्बो पेट्रोलचं ऑइल कागदावरच्या पूर्ण किलोमीटरपर्यंत ताणू नका. अशा वापरात सहा महिने किंवा ५००० ते ७५०० किलोमीटर, जे आधी येईल ते. फिल्टर अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह असलेलाच घ्या. स्वस्त फिल्टरमधलं ऑइल रात्रभरात खाली उतरतं आणि सकाळी फेजर कोरडा वाजतो.

गाळ दिसला म्हणून इंजिन फ्लशची बाटली ओतू नका. ती गाळ एकदम सोडवते आणि तो जातो थेट जाळीकडे आणि पंपाच्या स्ट्रेनरकडे. त्यापेक्षा योग्य ऑइल घालून हजार-दीड हजार किलोमीटरवर पुन्हा बदलणं, असं दोनदा करणं चांगलं. ऑइलमध्ये चालणारा टायमिंग बेल्ट असलेली इंजिनं, उदाहरणार्थ इकोस्पोर्टमध्ये २०१३ मध्ये आलेलं १.० लिटर इकोबूस्ट, यांत तर चुकीचं ऑइल दुहेरी मारतं. बेल्ट फुगतो, त्याचे तंतू सुटतात आणि स्ट्रेनर बुजतो. तिथे फेजरचा कोड ही मोठ्या नुकसानीची आधीची सूचना असू शकते.

इथवर सगळं ठीक निघालं तरच फेजरवर या. ऑसिलोस्कोपवर क्रँक आणि कॅमचे सिग्नल एकत्र घेऊन चांगल्या गाडीच्या नमुन्याशी ताडून बघा. पार्किंगलाच काही अंशांचा फरक दिसला तर चेन ताणलेली किंवा टेन्शनर बसलेला. पार्किंग बरोबर असेल आणि हालचाल नसेल तर फेजर. काढलेला फेजर तपासायची पद्धत सोपी आहे. कॅमच्या जर्नलवरची ऑइलची भोकं टेपने बंद करून ॲडव्हान्सच्या भोकात सुमारे १.५ बार हवा द्या. पिन सुटायला हवी आणि फेजर हाताने अडखळत न फिरता टोकापर्यंत जायला हवा. परत पार्किंगला आणल्यावर पिन टक्कन बसायला हवी. फडकं गुंडाळा, उरलेलं ऑइल तोंडावर उडतं.

फेजर बदलताना तीन ठिकाणी घोळ होतो. एक, मधला बोल्ट सोडताना-आवळताना कॅम षटकोनावर पान्याने धरायचा. लॉकिंग टूलवर किंवा चेनवर ताण येऊ द्यायचा नाही, नाहीतर पिन वाकते. बोल्ट एकदाच वापरायचा असेल तर नवाच घ्या. दोन, काही इंजिनांत फेजर आणि कॅमच्या मधे हिऱ्याची भुकटी लावलेला पातळ वॉशर असतो, चावी नसते. तो विसरला किंवा तेलकट बसवला तर फेजर घसरतो. तीन, बसवल्यावर क्रँक हाताने, फिरण्याच्या दिशेनेच, दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा ताडा. चेनचे रंगीत दुवे आता खुणांवर येणार नाहीत. ते फक्त बसवतानाच जुळतात, घाबरून परत उघडू नका. बघायचं ते स्प्रॉकेटच्या आणि क्रँकच्या खुणांकडे.

आता रिमॅप. दुरुस्ती झाल्याशिवाय नकोच. अडकलेल्या फेजरवर केलेला मॅप फेजर चालू झाल्यावर चुकतो. नीट काम करणाऱ्या गाडीत डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, पद्धत अशी: इनलेट कॅम ०, १०, २०, ३०, ४० अंशांवर एकेकदा धरून पूर्ण थ्रॉटलच्या धावा काढायच्या, टॉर्कचे आलेख एकमेकांवर ठेवायचे आणि प्रत्येक आरपीएमला जो सगळ्यात वर असेल तो अंश नकाशात भरायचा. शेजारच्या दोन खणांत मोठी उडी नको, फेजर तितक्या वेगाने जाऊ शकत नाही आणि रस्त्यावर झटका जाणवतो. व्हॉल्व्ह लवकर मिटला की प्रत्यक्ष कॉम्प्रेशन वाढतं, म्हणून त्या जागी इग्निशन पुन्हा जुळवावंच लागतं, नाहीतर नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके. कंपनीच्या टर्बो मॅपमध्ये कॅमच्या खणांतून मिळणारी भर फार नसते. मोठी वाढ बूस्ट आणि इग्निशनमधून येते. कॅमच्या मॅपसाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला डायनोचे आधीचे-नंतरचे आलेख मागा.

मोठ्या लिफ्टचे कॅम घालायचा विचार असेल तर आधी व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मोजा, तेही इनलेटचा फेजर पूर्ण ॲडव्हान्सला आणि एक्झॉस्टला फेजर असेल तर तो पूर्ण रिटार्डला नेऊन. पार्किंगला मोजलेलं अंतर इथे निरुपयोगी. इनलेट सगळ्यात जवळ येतो तो साधारण टीडीसीनंतर १० ते १५ अंशांवर, एक्झॉस्ट टीडीसीच्या तितकाच आधी. इनलेटला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी ठेवतात. कमी भरलं तर फेजरचा प्रवास अडवणारा लिमिटर बसवावा लागतो. नुसत्या सॉफ्टवेअरच्या मर्यादेवर सोडू नका, अडकलेला स्पूल सॉफ्टवेअरला विचारत नाही.

आणि ट्यूनर वाइडबँड, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, बघून काम करत असेल तर त्याला एक विचारा: कमी आरपीएमला ओव्हरलॅप भरपूर असताना त्याने हवेचं वाहून जाणं धरलंय का? ताजी हवा न जळता एक्झॉस्टमध्ये गेली की सेन्सर मिश्रण पातळ असल्याचं सांगतो. ते खरं मानून पेट्रोल वाढवलं तर सिलिंडरातलं मिश्रण प्रत्यक्षात गच्च होतं, वाहून गेलेली हवा आणि जास्तीचं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये भेटून पेटतात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लाल होतो. अशा खणांत वाइडबँडबरोबर एक्झॉस्टचं तापमान आणि नॉक सेन्सर बघूनच आकडा ठरवायचा.